सत्त्याऐंशी टक्के पडदा

पडदा! मला पडदा म्हणाला, तुम्हाला सांगते... लग्नातला शालू नेसून, खांद्यावर शेला टाकून, नथीचा चाप घट्ट बसला म्हणून डोळ्यांत आलेलं पाणी न पुसता मी ताठ उभी, आणि हा म्हणतो पडदा! बरं, माणूस असता तर चार शब्द ऐकवले तरी असते... म्हणजे ऐकवले नसतेच, मी मुळात बोलत नाही, इचलकरंजीत आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, 'ती होय? ती नुसती बघत असते' असंच सांगतील. पण निदान मनातल्या मनात तरी ऐकवले असते की नाही? इथे म्हणणारा कोण, तर लॅपटॉप! माझ्याभोवती हिरवी चौकट आखली आणि वर लिहिलं, 'कर्टन, एटी सेव्हन पर्सेंट'. सत्त्याऐंशी टक्के पडदा! आणि उरलेले तेरा टक्के काय हो, पडद्याचा दांडा?

मी काही बोलले का? नाही बोलले.

आता तुम्ही म्हणाल, मुळात लॅपटॉपपुढे शालू नेसून उभं राहायचं नडलं होतं का? नडलं होतं! फेब्रुवारीत आमचं लग्न झालं. तनय इथल्या युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, मास्टर्स करतो, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी इथे परदेशात, क्लेटनला आले, आणि पंधरा दिवसांत कोरोनापायी या लोकांनी देशाचं दारच लावून घेतलं. विमानात तीस किलो न्यायला परवानगी, त्या तीस किलोंत एकवीस साड्या! आई म्हणाली, "नवी नवरी म्हणून घरोघर बोलावतील गं, हळदीकुंकू म्हणू नको, जेवण म्हणू नको, तीच साडी परत दिसायला नको." कोण बोलावतंय? पाच किलोमीटरच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, दिवसाला एक तास चालायला सोडणार, तेसुद्धा तोंड बांधून. मग काय, इरकल नेसून सुपरमार्केटात टॉयलेट पेपर आणायला जाऊ?

घर म्हणजे एक खोली. जेवायचं टेबल तेच याच्या क्लासचं टेबल, आणि कॅमेऱ्याचं तोंड बरोबर माझ्या ओट्याकडे. म्हणजे क्लास चालू असताना कुकर बंद करायचा तर मी कार्पेटवरून रांगत जायचं! उंबरठ्यावरचं माप ओलांडून आलेली नवी नवरी, तुम्हाला सांगते, थेट रांगायलाच लागली. आणि हा बसणार ऐटीत, शर्टाला तिसऱ्या बटणापर्यंतच इस्त्री! खालचा शर्ट कुत्र्याने चघळल्यासारखा. मी म्हटलं, पूर्ण कर ना रे. तर म्हणे, "अगं, कॅमेऱ्यात तेवढंच येतं."

कापडाच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे सांगतोय! आमचे बाबा गिऱ्हाइकाला रुमाल दाखवायचा असला तरी चारी टोकं उघडून दाखवतात. पण मी काही बोलले का? नाही बोलले.

बोलायची वेळ आणली ती मितालीने.

मिताली याच्या प्रोजेक्टची पार्टनर. पुण्याची, राहते ट्रुगानिनाला, म्हणजे पाच किलोमीटरच्या चांगलीच बाहेर, तेवढा एक सरकारचा उपकार. प्रोजेक्ट काय, तर ऑनलाइन क्लासला स्टुडंटने काय घातलंय ते कॉम्प्युटरने ओळखायचं आणि ते शोभतंय की नाही त्याचे मार्क द्यायचे! पूर्वी हे काम शेजारच्या काकू फुकटात करायच्या, आता त्याला मास्टर्सची डिग्री लागते. तर दर मंगळवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, चार वाजता ही स्क्रीनवर उगवणार, "हाऽय तनय! सॉरी मेट, वायफाय म्हणजे नुसता वैताग आहे यार!" अंगात काळा कोट, आणि आत दर मंगळवारी नवी कॉलर, कधी पांढरी, कधी निळ्या रेघांची, कधी मोती लावलेली. आणि हा? हा खुर्चीत पुढे सरकून, "लुकिंग शार्प, मिताली! नाइंटी सिक्स!"

नाइंटी सिक्स! मी टेबलाखाली, हातात डाळीचा डबा, अंगात गाऊन.

जळले. खोटं कशाला बोलू? नवऱ्याने प्रोजेक्टमधल्या मुलीला प्रोजेक्टचे मार्क सांगितले, एवढीच गोष्ट आहे हे कळत होतं, तरी जळले. कारण सात महिन्यांत माझ्या नवऱ्याने मला एकदाही 'छान दिसतेस' म्हटलेलं नाही. नुसतं 'छान' म्हणाला असता तरी चाललं असतं! केवढासा शब्द आहे! त्याला चार्जिंग लागत नाही, वायफाय लागत नाही... पण तो पोह्यांना मिळतो, मला नाही.

म्हणून मग एका मंगळवारी पावणेचारला मी शालू नेसले आणि जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझे मार्क काढ." पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पडदा.

तनय हसून हसून खुर्चीतून घसरायचा राहिला. "अगं, त्याची चूक नाही! त्याला आम्ही इथल्या स्टुडंट्सचे फोटो शिकवलेत, हूडी, टीशर्ट, ब्लेझर. साडी त्याने जन्मात बघितली नाही. एवढ्या निऱ्या बघितल्यावर त्याला पडदाच वाटणार ना!" आणि हे सगळं माझ्याकडे बघून नाही हं, चौकटीकडे बघून! तेवढ्यात मिताली उगवली आणि किंचाळली, "तनय! आपल्याला साडीचा डेटा पाहिजे! वहिनी, तुझ्याकडे किती आहेत?"

म्हटलं, एकवीस.

मग तीन दिवस, तुम्हाला सांगते, मी एकवीस साड्या नेसले. खिडकीपाशी उजेड चांगला, म्हणून तिथे उभं राहायचं. समोरून, बाजूने, हात वर, हात खाली, आणि प्रत्येक फोटोवर हा नाव घालणार, 'ब्राइड'. मला वाटलं, दहाव्या साडीला 'छान' म्हणेल. पंधराव्या साडीला तरी! "जरा डावीकडे सरक," म्हणाला. "सावली पडतेय," म्हणाला. एकविसाव्या साडीला "सेव्ह झालं" म्हणाला.

बघत होती ती मिताली. व्हिडिओ कॉल चालूच होता आणि एवढी बडबडी पोरगी, हनुवटी हातावर टेकून बसलेली. मग म्हणाली, "वहिनी, ती काठाची परत दाखव ना... कसली भारी दिसतेयस गं." आणि मग अचानक, "माझ्याकडे शर्ट नाहीयेत, माहितीये?" मी म्हटलं, म्हणजे? तर तिने कोट काढला, मानेमागे हात घातला आणि कॉलर उपटून हातात धरली. नुसती कॉलर! खाली बाह्या नाहीत, पाठ नाही, काही नाही. आत भोकं पडलेला टीशर्ट. "फोनने सजेस्ट केलं, ऑनलाइन मागवल्या. सात आहेत. घरातल्या सगळ्या मुली वेगवेगळ्या शिफ्टला. मार्चपासून मला छातीच्या खाली कुणी बघितलेलंच नाही गं." आणि हसली, पण ते हसू काही नाइंटी सिक्सचं नव्हतं.

म्हणजे इतके महिने मी कुणावर जळत होते? वीतभर कॉलरवर! सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते याचं, की 'भारी दिसतेस' म्हणाली ती तीच. ज्याने म्हणायचं तो फोटोंची नावं बदलत होता.

ऑक्टोबरात शेवटचं प्रेझेंटेशन. स्क्रीनवर प्रोफेसर, मिताली, आणखी दहाबारा चेहरे. मी परत शालूत, यावेळी ओट्यापुढे खुर्चीवर, कारण खिडकीपाशी तनयचे कागद होते. मनात म्हटलं, आज मशीन 'ब्राइड' म्हणणार, प्रोफेसर 'लव्हली' म्हणणार, मग एवढ्या लोकांसमोर याला काहीतरी म्हणावंच लागेल! तनयने बटण दाबलं. हिरवी चौकट आली. माझ्यावरून घरंगळत गेली... आणि शेजारच्या खिडकीवर बसली. खिडकीला आधीच्या भाडेकरूने सोडलेला मळकट पडदा, कडेला सोनेरी पट्टी. त्यावर लिहून आलं, 'ब्राइड, नाइंटी एट पर्सेंट'.

आणि मी? 'एप्रन, फॉर्टी वन'.

तर प्रोफेसर टाळ्या वाजवायला लागले! "ब्रिलियंट, मेट! सगळे फोटो एकाच खिडकीपाशी काढलेत, मशीन बाई ओळखायला शिकलंच नाही, मागचा पडदा ओळखायला शिकलं! मशीन कसं चुकतं, याचं इतकं सुंदर उदाहरण मी बघितलं नव्हतं!" सर्वांत वरचा ग्रेड. मिताली नाचतेय, तनय खुर्ची मागे ढकलून उठला, डोळ्यांत पाणी, तरातरा निघाला... मी पदर सावरला. मला ओलांडून खिडकीपाशी गेला, पडद्यावरून हात फिरवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अगं, किती छान आहे गं हा! इतके महिने माझं लक्षच गेलं नाही!"

मी काही बोलले का? नाही बोलले. दुसऱ्या दिवशी पडदा काढला आणि मशीनमध्ये टाकला, याच्या नव्हे, धुण्याच्या, नव्वद डिग्रीवर. कुठलं कापड कितीवर आटतं हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही. परत टांगला तेव्हा बरोबर खिडकीच्या कमरेपर्यंत आला होता.

तनय क्लास संपवून उठला, बघतच राहिला. "अगं, हा अर्धाच कसा झाला?"

तेव्हा मात्र बोलले. म्हटलं, "कॅमेऱ्यात तेवढाच येतो."

"हां, ते बरोबर आहे," म्हणाला, आणि पोहे मागितले.