माफीपत्रातली मोकळी जागा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ती मुलाची मळलेली जर्सी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी दोघे येऊन टेकले. एक सामन्यात तिच्या मुलाला लाथ मारणाऱ्या खेळाडूचे वडील, दुसरे त्याच्या कॉलेजचे फुटबॉलचे सर. तिला ते ओळखत नव्हते.

“सर, शिक्षा किती होईल?”

“दोन सामने बाहेर. दोन्ही दुबळ्या संघांशी आहेत. फायनलला तो खेळेल. तारखा बघूनच मी समितीला सुचवलंय.”

“पण चेंडू लांब गेल्यावर त्याने लाथ घातली हो. मी स्वतः पाहिलं.”

“हे असं बोलत फिरू नका. आज माफीपत्र दिलं की विषय संपला.”

“तो लिहायला तयार नाही.”

“त्याने कशाला लिहायला हवं? मागच्या वर्षी लिहिलेलं आहे ना, सहीसकट. नाव आणि तारीख बदलायची फक्त.”

“मागच्या वर्षीचा तो मुलगा कसा आहे आता?”

“खेळणं सोडलं त्याने.”

वडिलांनी थिएटरच्या दाराकडे पाहिलं.

“या मुलाचं नाव काय?”

“ते कुणी विचारलंय? सात नंबर होता. नावाची जागा मोकळी ठेवू, मागून भरता येईल.” सरांनी जुनं माफीपत्र मांडीवर उलगडलं आणि खिसे चाचपले. “ताई, पेन आहे का हो जरा?”

तिने पर्समधून पेन काढून दिलं. मग जर्सीची घडी उलगडून पाठीवरचा सात आकडा वर केला. सर मान खाली घालून तारीख बदलत होते.