समुद्रापलीकडं धाडलेली सुपारी

झुंबरबाई : म्हंजे आबासाहेब, बावीस वर्सं या गावच्या जत्रंत माझा फड उभा ऱ्हायला, आन् यंदा सुपारी दुसरीला?

आबासाहेब : राग धरू नका, बाई. कसंय, मी पडलो जत्रा कमिटीचा अध्यक्ष. गेल्या साली श्रीगोंद्याकडच्या एका गावानं मुंबईची नाचनारीन आनली. आता त्यांच्या वरताण करायची म्हंजे मुंबईच्या पल्याडच जावं लागनार.

झुंबरबाई : पल्याड तर समिंदर हाय.

आबासाहेब : समिंदराच्या बी पल्याडची हाय. तैवानची. लिन मेई-ह्वा. गाती बी आन् शिनेमात काम बी करती. गुरुजी, दावा फोटू.

गुरुजी : हे रेकॉर्डचं पाकीट. माझा मेव्हणा बोटीवर खलाशी आहे, त्यानं आणलं. मागं इंग्रजीत सगळं छापलंय. अकराव्या वर्षी बाजारातल्या मांडवात गायला लागली, सतराव्या वर्षी पहिला सिनेमा, आजवर एकतीस झाले.

झुंबरबाई : गवळन म्हनती का?

आबासाहेब : काय म्हनती ते कुनालाच कळंना. पन डोळ्यात पानी येतं. आमच्या चुलत्यानं दोनदा लावाया सांगितली.

झुंबरबाई : आन् ढोलकीला कोन?

आबासाहेब : ते तिचं ती बघंल. सुपारी तिनं घेतलीया.

झुंबरबाई : हितनं कशी दिली?

आबासाहेब : टपालानं. हळदकुंकू लावून, पाकिटावरच्या कंपनीच्या पत्त्यावर. आज उत्तर बी आलं, इंग्रजीत. वाचा, गुरुजी.

गुरुजी : "तुमची सुपारी मिळाली. आमच्याकडेही खातात, पण ओली. तुमची फार कडक निघाली. तरी आईनं आणि मी अर्धी अर्धी खाल्ली."

आबासाहेब : खाल्ली. आता मागं फिरता येतं का? तुमीच सांगा.

झुंबरबाई : न्हाई येत. माझी आई अंगात ताप असताना उभी ऱ्हायली हुती सुपारीपायी. पन त्या बाईला ठावं हाय का, कशाची सुपारी ती?

गुरुजी : नाही. पुढं तेच विचारलंय. "ही भेट कशासाठी पाठवलीत?"

आबासाहेब : हे तुमी मगाशी वाचलं न्हाई.

गुरुजी : 'खाल्ली' एवढं ऐकून तुम्ही मांडववाल्याकडं निघून गेलात.

झुंबरबाई : आजून काय लिवलंय?

गुरुजी : "रेकॉर्डवरचा फोटो जुना आहे. आता मी सव्वीस वर्षांची झाले. कंपनीनं माझ्या जागी सतरा वर्षांची मुलगी घेतली आणि मला नायकाच्या आईचं काम दिलं. या वर्षात मला आलेलं हे एकच टपाल."

झुंबरबाई : सव्वीस?

गुरुजी : सव्वीस.

झुंबरबाई : मला अठ्ठेचाळिसावं लागलं. आबासाहेब, खरं सांगा. श्रीगोंदा निस्तं निमित्त. मला वयापायीच काढली ना?

आबासाहेब : कमिटीतली पोरं म्हनली, बाई आता दमत्यात.

झुंबरबाई : दमते. मग बसून म्हनते. आवाज गेलाय का माझा?

आबासाहेब : न्हाई.

झुंबरबाई : मग तोंडावर सांगायचं. लई वाईट वाटलं मला.

आबासाहेब : चुकलं, बाई. पन आता करावं काय? तिला कशाची सुपारी तेच ठावं न्हाई, म्हंजे ती यायची न्हाई, आन् सुपारी तिच्या पोटात. दुसरीला द्यावी तर देवाच्या नावची सुपारी मोडती.

झुंबरबाई : आमच्यात रीत हाय. एखादी बाळंतपनात अडकली, तर दुसरी तिच्या नावानं उभी ऱ्हाती. सुपारी मोडत न्हाई. हिच्या नावानं मी उभी ऱ्हाते. पुकारताना नाव बी तिचंच पुकारा.

आबासाहेब : लोक तुमाला वळखतील की.

झुंबरबाई : वळखू द्या. पन तिचं नाव कुटंतरी पुकारलं जाऊ द्या. गुरुजी, कागद घ्या.

गुरुजी : काय लिहू?

झुंबरबाई : लिवा, तुझं गानं लई चांगलं झालं. शेवटपतोर एक मानूस उठला न्हाई.

गुरुजी : अहो, जत्रा अजून पंधरा दिवसांवर आहे.

झुंबरबाई : कागद पोचायला तेवढे लागतीलच की.