गोदाम कोणी पेटवले?

— बसा हो बाई, पोरीच्या पेपरातल्या कोऱ्या उत्तराचं मला ठाऊक आहे. त्या खुर्चीवर नको, गिऱ्हाइकांचे कपडे आहेत — इकडे, मशीनजवळ बसा. जरा हळू बोलू, माझी आई आत झोपलीय. तर 'गोदाम कोणी पेटवले?' आणि पोरीने काहीच लिहिलं नाही — येत नाही म्हणून नव्हे हो. मीच पाठ करून घेतलंय. मी इथे काज करत बसायची, ती समोर उभी राहून म्हणायची, 'दंगेखोरांनी पुलाजवळचे गोदाम पेटवले, त्यामुळे पोलिसांना नाइलाजाने गोळीबार करावा लागला.' अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. मार्क जायला नकोत, एवढंच माझ्या डोक्यात.

त्या गोळीबारात माझे वडील गेले. — तुम्हाला कसं माहीत असणार, तुम्ही नव्या इथे. आणि पुस्तक काय तुम्ही लिहिलंय? माझ्या शाळेच्या वेळी सरकार दुसरं होतं, तेव्हा गोळीबारात गेलेले हेच लोक पुस्तकात हुतात्मे होते. 'छातीवर गोळ्या झेलल्या.' गुरुजींनी मला वर्गात उभं केलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन आईला सांगितलं, तर भांडी घासता घासता म्हणाली, "कसली छाती, पाठीत लागली. सायकलचं पंक्चर काढून घरी येत होता तो." बस. ना मोर्चात, ना गोदामात. पण कुणाला सांगायचं, आणि कशाला — चांगलंच तर लिहिलं होतं.

आता सांगते ते शाळेत बोलू नका. आई आताशा फार विसरते. पोर घोकायची तेव्हा ती त्या कोपऱ्यात बटणं निवडत बसलेली असायची, मला वाटायचं, हिला कुठे काय कळतंय. आणि एकदा जेवताना, घास हातात तसाच, मला विचारते, "त्याने गोदाम का गं पेटवलं? मला सांगून तरी जायचं." मी म्हटलं, आई, बाबांनी नाही पेटवलं, ते पंक्चर काढायला गेले होते. तर म्हणाली, "तू तान्ही होतीस. तुला काय माहीत." आणि खरंच, मला काय माहीत? जे होतं ते तिच्याजवळ होतं — ते गेलं. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत — पोरीचा काय दोष, मीच सांगत होते ना, मोठ्याने म्हण म्हणून.

तेव्हापासून आई बाबांच्या फोटोकडे पाठ करून बसते. पोर शाळेतून आली की तिच्याजवळ जाते, हात धरून सांगते, "आजी, आजोबा सायकल घेऊन येत होते." आजी तिचं ऐकते सगळं, गालावरून हात फिरवते, आणि म्हणते, "पुस्तकात तसं नाही, बाळा." — रडत नाही मी, डोळ्याला दोरा लागलाय.

पुढच्या वेळी लिही म्हणून सांगू? सांगेन. — नाही, नाही सांगणार. शून्य द्या तिला, बाई. वर्गात उभं करायचं तर करा.

आईची चाहूल लागतेय, उठली वाटतं. तुम्ही निघा आता. — नको, भेटायला आत नका जाऊ. हातात तेच पुस्तक आहे तुमच्या, ती वाचून दाखवा म्हणेल.