मामाचे चकाचक दात

आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात मुलं गावकऱ्यांचे दात साफ करायला शिकतात. माझा आत जायचा धीर होईना, म्हणून मी म्हातारा बाहेर पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. शेजारी परीक्षेला आलेली केल्सी आणि तिचा मामा डेल्मर.

“मामा, आ कर. अरे देवा, एवढे चकाचक?”

“तुझी मान खाली जाऊ नये म्हणून कालच दुसरीकडे साफ करून आलो!”

“मग मी परीक्षेत काय साफ करू? कीटण लागतं, कीटण! वर्षभर तुला जपून ठेवलं होतं!”

“आता गं?”

“आता नापास.”

“थांब. अहो आजोबा, तुमचे दात कसे आहेत?”

“मामा! असं विचारतात का कुणाला?”

मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वर्षांनी तोंड उघडून हसलो.

“अगंबाई! मामा, बघ तरी, किती सुंदर कीटण!”