बारदाना वजा

(डायलिसिस सेंटरमधला वजनकाटा. सुभद्रा, तिचा मोठा भाऊ ताराचंद आणि सिस्टर मयुरी.)

ताराचंद : चप्पल काढली. आता घड्याळ बी काढू का?

सुभद्रा : काढ. मोबाईल दे माह्याजवळ. खिशात अजून काय हाये?

ताराचंद : किल्ल्या. अवं, पण डायलिसिस तुह्यं हाये. माह्यं वजन काहून घेऊन राह्यली?

सुभद्रा : माह्यं आठवड्यातून दोनदा होतेच. आज पयले तुह्यं. चढ.

मयुरी : काका, हलू नका ना. हां. पंच्याण्णव पॉइंट चार.

सुभद्रा : शनिवारी फोनवर तू एक्याण्णव सांगतलं, दादा.

ताराचंद : तो आमच्या कळमन्याच्या धान्य यार्डातला काटा होता. काट्या-काट्यात फरक राह्यतेच.

सुभद्रा : वीस वर्षं झाले तुले यार्डात मापारी होऊन. लोकाइचा हरभरा ग्रामावर मोजतं तू. अन् सोताच्या वजनात चार किलोचा फरक?

ताराचंद : बारदाना कापला म्या.

मयुरी : काय कापलं?

ताराचंद : बारदाना, पोरी. माल मोजला का पोत्याचं वजन वजा करा लागते. तसे म्या कपडे वजा केले. मंग चपला, मोबाईल. सकाळचं पोटात होतं, ते बी.

मयुरी : पोटातलं वजा केलं तुम्ही?

सुभद्रा : तू हासू नको, सिस्टर. डॉक्टरनं याले सांगतलं, सत्त्याण्णवचे पंच्याऐंशी करा, मंग तुमची किडनी बहिणीले लावू. चार महिने झाले त्याले.

ताराचंद : मी काय केलं नाही वं? पयल्याच दिवशी भात बंद, साखर बंद, तेल बंद, रातचं जेवण बंद. आठ दिवस नुसती काकडी अन् मूग. नवव्या दिवशी हमालायसंगं ठेल्यावर गेलो अन् तर्री-पोह्याच्या तीन प्लेटा खाल्ल्या. वाटलं, आज तं मोडलंच, आता उद्यापासून.

सुभद्रा : अन् उद्या?

ताराचंद : उद्या बी ठेला तिथंच होता.

सुभद्रा : एक विचारू, दादा? तुले द्यायचीच नाही का किडनी?

ताराचंद : असं काहून बोलतं?

सुभद्रा : नसन द्यायची तं सांग. मी राग नाही करत. पण पोह्याच्या प्लेटीमागं लपू नको गा.

ताराचंद : द्यायची हाये. पण भेव लागते, सुभद्रे. जेवढे किलो बाकी, तेवढं ऑपरेशन लांब. ठेल्यावर उभा राह्यलो का हेच डोक्यात येते, अन् त्या दिवशी घास जास्तच गोड लागते. मंग दिवसभर सोताची लाज वाटते. तू इथं सुया टोचून घेतं, अन् मी तिथं खाऊन राह्यलो.

मयुरी : काकू, या आता तुम्ही काट्यावर. अरे, हे काय? शुक्रवारपासून साडेतीन किलो वाढलं? पाय पण सुजलेत.

सुभद्रा : पाणी पेली मी.

मयुरी : दिवसाला एकच लिटर सांगितलंय ना. तुम्ही तर कधी चुकत नाही.

सुभद्रा : यानं एक्याण्णव सांगतलं न शनिवारी. मले वाटलं, सहाच किलो राह्यले. खुशीत होती. फ्रीज उघडला अन् तांब्याभर थंड पाणी पेली. मंग रोजच थोडं थोडं.

ताराचंद : म्हणजे म्या कापलेले चार किलो तुह्या पायात उतरले.

सुभद्रा : आता सिस्टर काढन ते मशीनीतून. तू बस.

ताराचंद : माफ कर मले.

सुभद्रा : माफी ठेव तिकडं. ऐक. मले बी पयले पाणी कमी करणं जमत नव्हतं. मंग या सिस्टरनं एक बाटली देल्ली. सकाळी भरायची, दिवसभर तेवढीच. तू बी एकच गोष्ट पकड. पोहे खाय, पण एक प्लेट. अन् तर्री नको.

ताराचंद : बिना तर्रीचे पोहे?

सुभद्रा : बरं, तर्री घे. पण एकदाच. दुसऱ्यांदा प्लेट पुढं नाही करायची.

ताराचंद : एवढ्यानं काय होईन?

मयुरी : होतं, काका. हळू होतं, पण टिकतं. हे पंधरा दिवस जमलं की मग भात एक वाटी. ते जमलं की संध्याकाळचं चालणं. महिन्याला दीड-दोन किलो गेले तरी खूप झालं.

ताराचंद : म्हणजे अजून पाच-सहा महिने. अन् सुभद्रा तवरिक?

सुभद्रा : मी येत राहीन न इथं, बाटली घेऊन. तू फक्त खरं सांगत जाय. अन् भेव वाटते, ते डॉक्टरले बी सांग. द्यायची का नाही, ते मंग पाहू. वजन तं काही झालं तरी तुह्यंच हाये.

ताराचंद : सांगतो.

मयुरी : काका, काकूंच्या वहीत तुमचंही लिहून ठेवते, दर मंगळवारी. आज किती लिहू?

ताराचंद : पंच्याण्णव पॉइंट चार.

सुभद्रा : अन् सकाळचे पोहे?

ताराचंद : दोन प्लेटा होत्या. राहू दे त्यातच.