भट्टीपुढं ईरव्वा

— न्हाय, इंजिनात चढू देत न्हाईत आता. ती साखळी लावलीया बगा. पोरं चढायची, भट्टीत कागदं कोंबायची, म्हनून सायबानं साखळी घातली. लांबनंच बगायचं. तुमची केमला जानारी पॅसिंजर लागायची हाय अजून, बसा की हितं सावलीला. पेरू गोड हायती, दाबून बगा. — काय म्हनला? मी? व्हय, मी गेलेय की आत. ह्याच इंजिनात. आन असं उभं असताना न्हवं, चालत असताना, धूर काडत, यार्डातनं पार बाळे ठेसनापतोर. हसू नका अक्का, खरंच सांगते. बायामान्सानं चालत्या इंजिनात उभं ऱ्हावं — सोलापुरात मीच असंन एकली.

आमचे अप्पा डायवर हुते. धोंडप्पा डायवर म्हनलं की वाडी जंक्शनपतोर वळकायचे लोक. मानूस कमी बोलायचा. लई कमी. आमची अव्वा, म्हंजी आई, मी ल्हान असतानाच गेली, मग घरात आमी तिघं — अप्पा, मी आन माजा धाकला भाऊ शिवप्पा. त्यो पन फायरमन लागला. भट्टीत कोळसा टाकतो त्यो फायरमन. पन अप्पांनी त्याला हाताखाली घेतला न्हाय. म्हनले, बापलेक एका इंजिनावर नगंत, दोगांचं एकदम काय बरंवाईट झालं तर पोरीला कोन? असा मानूस. आन झालं काय? शिवाला इंजिनावर कायसुदिक झालं न्हाय, अंथरुनावर झालं. टायफॉइड. अप्पा तवा वाडीच्या पल्याड गाडी घिऊन गेलेले, भीमेला पूर आला, पुलावरनं गाड्या बंद. तिकडं अडकून पडले. इकडं पोरगं गेलं. आमच्या लिंगायतांत बसवून पुरत्यात, अक्का, आन बसवून तरी किती येळ ठिवनार? भाऊबंदांनी माती दिली. अप्पा आले तवा दारात मानसं बसलेली. सांगितलं कुनी? मीच. दुसरं कोन हुतं? त्यांनी हातातला डबा माज्याकडं दिला, आंगूळ केली, आन दुसऱ्या दिशी ड्युटीवर गेले. टिपूस न्हाय डोळ्यात. परत कवा शिवाचं नाव काडलं न्हाय. कुनी काडलं की उटून भाईर जायाचे.

रिटायर झाले आन मग इसरायला लागले. पयलं वस्तू, मग वाट, मग मानसं. मला कुंभारीला दिलेली. म्हनलं म्हैनाभर जाऊन अप्पास्नी बगून येते. — मालक? मालकांनी मानूस धाडला की, दोनदा. तिसऱ्यांदा न्हाय धाडला. मी तरी कशी जानार, अप्पा चूल पेटती ठिवून भाईर जायाचे. आता तितं दुसरी नांदती. बरी हाय म्हनत्यात, सासूला बगती. — ते ऱ्हाऊ द्या. मीठ देऊ का पेरूला? घ्या.

आन ज्यांच्यासाटनं हे सगळं सोडलं, त्या अप्पास्नी मी कोन ते कळायचं न्हाय. "बाई, पानी द्या" म्हनायचे. भाकरी कुस्करून भरवली की म्हनायचे, "बाई, लई उपकार झाले तुमचे." सोताच्या बापानं असं म्हनल्यावर मानसानं काय म्हनावं? मी म्हनायचे, असू द्या की.

तर दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. हे इंजिन भंगारात घालायचं न्हाय, हितं मांडून ठिवायचं असं ठरलं. रंग दिला, पितळ घासलं. आन चौथऱ्यावर बसवायच्या आदी एकदा भट्टी पेटवून बाळ्याला न्यायचं आन परत आनायचं. जुन्या डायवरास्नी बलिवलं हुतं. मानसिंग डायवर — त्ये पयले अप्पांच्या हाताखाली फायरमन हुते — त्ये घरी आले. म्हनले, "ईरम्मा, काकास्नी घिऊन ये." म्हनलं, त्यास्नी काय कळतंय आता? तर म्हनले, "न कळू दे. इंजिनाला तर कळंल." असली मानसं बगा ही, इंजिनाला जीव असल्यागत बोलत्यात.

दोगांनी धरून अप्पास्नी वर चढिवलं. सावरायला कोनतरी पायजे म्हनून मागनं मी, पदर खोचून. आत कसं असतंय म्हाईत हाय? बसायला एक फळकूट, पुड्यात नळ्याच नळ्या, आन मदी भट्टीचं तोंड. ते उगडलं की असा जाळ अंगावर येतो — भुवया गेल्या का काय म्हनून मी हात फिरवून बगितला. पायाखालचं लोखंड हदरतंय, बोललेलं ऐकू येत न्हाय, पुडनं आग आन मागनं गार वारं. मी तितं उबी ऱ्हाऊन काय इचार केला सांगू? म्हनलं, हा मानूस जन्मभर हितं उबा हुता, आन मी घरात त्याच्या कापडाची काजळी तेवडी धुतली. मला काय म्हाईत हुतं ह्याचं? कायसुदिक न्हाय.

मानसिंगनी अप्पांचा हात धरून इंजिन चालवायच्या दांड्यावर ठिवला. घरात वाटी धरता येत न्हवती त्यास्नी. पन गाडी हलली, अप्पा कडंला वाकून पुडं लाईनीकडं बगाय लागले, आन मागं न बगता म्हनले, "शिवा, कोळसा मार."

त्या दिशीचा फायरमन फावडं घिऊन पुडं झाला तर अप्पांनी त्याला हातानं आडवला. "तुमी न्हवं. शिवा." आन माज्याकडं बगितलं. मानसिंगनी मान हलवली नुस्ती. फायरमननं फावडं माज्या हातात दिलं. मग मारला की कोळसा मी. पयलं फावडं निम्मं पायावरच सांडलं. अप्पा म्हनले, "मदी ढीग करू नगंस. कडंकडंनं टाक. यील तुला." असं मऊ बोलले अक्का — माज्याशी जन्मात तसं बोलले न्हवते. मी टाकत ऱ्हायले, हाताला फोड आले, आन अप्पा बोलत ऱ्हायले. म्हनले, "पुरात अडकलो रं. चालत येनार हुतो मी, पुलावरनं सोडलं न्हाय. तू वाट बगितलीस का?" काय सांगावं? म्हनलं, "बगितली, अप्पा." खोटं न्हवं ते. शेवटच्या दिशी सारका दाराकडं तोंड करून पडलेला हुता त्यो. अप्पा म्हनले, "रागावलास?" म्हनलं, "न्हाय." मग रडले अप्पा. एका हातानं दांडा धरून, तोंड लाईनीकडं, आवाज न काडता. बाळे येईपतोर रडले. मानसिंग दुसरीकडं बगत हुते.

आन मी काय केलं? मला वाटलं, एवडं आटवलंय, तर आता इचारून घ्यावं. त्यांच्या दुक्कात मी आपलं घोडं पुडं दामटलं बगा. म्हनलं, "अप्पा, घरी ईरव्वा हाय न्हवं?" ईरव्वा म्हनायचे मला, त्यांच्या एकट्याच्या तोंडी हुतं ते. अप्पांनी लई येळ इचार केला. कपाळाला आट्या घातल्या. मग म्हनले, "कोन?"

घरी आल्यावर अप्पांच्या तोंडातली बाई गेली आन शिवा आला. शिवा, पानी दे. शिवा, डबा भरला का. मी व्हय अप्पा म्हनायचे, आवाज जाड करून. शेजारनी म्हनल्या, खुळी झाली ईरम्मा. असंन. पावसाळा सरता सरता अप्पा गेले, माज्या मांडीवर डोकं, माजा हात धरून — "शिवा, तू हायस हितं, बरं झालं." मानसिंग म्हनत्यात, तुला पुन्य लागलं, पोराला भेटवून धाडलंस त्यास्नी. व्हय, समाधानानं गेले. मी कुटं न्हाय म्हनते? पन बाई म्हनायचे तवा मी परकी का हुईना, मी तरी हुते. शिवाला माती तरी मिळाली. ईरव्वा कुटं गेली, कवा गेली, कुनी इचारलं न्हाय, कुनी रडलं न्हाय —

बगा, काय बोलत बसले मी तुमच्याशी. वळख न्हाय पाळख न्हाय. पिशवी उचला, ती घंटा झाली, तुमचीच गाडी ती. ह्यो एक पेरू जादा घ्या, वाटेत खावा. — आँ? काय म्हनून हाक मारली? …न्हाय, ऐकू आलं मला. परत म्हनू नका, अप्पांच्याच तोंडी हुतं ते. जावा आता, अक्का. जावा तुमी.