रडारवाल्याची बायको

माझं माहेर झाई, गुजरातच्या हद्दीला लागून, आणि सासर पण झाईच, म्हणजे काय सांगू तुमाला, लग्नाची वरात निघाली ती दोन गल्ल्या ओलांडून थांबली. बाप मासेमारी करायचा, भाऊ अजून करतो, मी लहानपणापासून बोंबील बांबूवर टांगणारी, सुके झाले की टोपली घेऊन उंबरगावच्या बाजारात बसणारी. मला वाटलेलं नवरा पण बोटीवर जाणाराच मिळेल, तर मिळाला रडारवाला. मुंबईला सरकारी नोकरी, पावसाच्या रडारवर. आईनं सगळ्या आळीला सांगितलं, जावई सरकारी हाय. रडार म्हणजे काय ते आईला माहीत नाय, मला माहीत नाय, आणि सरकारी म्हटल्यावर कोणी विचारलं पण नाय.

काम काय, तर मशीन बिघडलं की नीट करायचं. हे सुट्टीला आले की त्याच्याच गोष्टी. अजून सांगतात, दारात आलेल्या प्रत्येकाला सांगतात, मघाशी तुमालाही सांगितलं असेल, की हे मशीन पावसासाठी काढलंच नव्हतं, लढाईत विमानं शोधायला काढलेलं. मशीन आभाळात लहर सोडतं, ती विमानाला आपटून परत आली की काचेवर ठिपका दिसतो. पण पाऊस असला की पावसाला आपटून पण परत यायची, काचेवर नुसता पांढरा गोंधळ, विमान दिसेना, तर ते लढाईवाले वैतागायचे, हा पाऊस कुठून मधे येतो. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, अरे, मग पाऊसच बघूया ने यातून. लढाई संपली आणि तसली मशीनं पावसाच्या कामाला लागली. इतक्या वेळा ऐकलंय मी हे, की झोपेत सांगीन.

यांच्या जुन्या मशीनला गोल काच होती. साहेब लोक त्यावर कागद धरून पेन्सिलीनं ढग गिरवायचे, आणि आतलं काही जळलं की यांना हाक, आणि मुंबईच्या दमट हवेत काय ना काय जळायचंच. पुढं रंगीत चित्र काढणारं कॉम्प्युटरवालं रडार आलं, जुनं भंगारात गेलं, आणि यांना शेवटी स्टोअरमधे बसवलं. दोन हजार चौदाला रिटायर होऊन घरी आले, आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सकाळी दात घासायच्या आधी माणूस दारात. बोंबील आज टांगू का. चिकूची वाडी असलेले शेठ यायचे, भाई, वरसाद आवशे के, म्हणजे पाऊस येईल काय? रानशेतहून एक जण दोन गाड्या बदलून आला, पोरीचं लग्न पुढच्या महिन्यात, मांडवावर ताडपत्री घालू का नको. मी म्हटलं, अहो, ते मशीन दुरुस्त करायचे, पाऊस नाय पाडायचे. यांनी पण आधी हेच सांगितलं. पण माणसाला विचारलेलं गोड लागतं बगा. हळूहळू मोबाईलवर रडारचं चित्र बघून सांगायला लागले, आज जा, उद्या नका जाऊ.

एकदा पावसाळा सरता सरता सांगितलं, वारं फिरणार, बोटी काढू नका. माझा धाकटा भाऊ हरेश, त्यानं ऐकलं, अजून चार जणांनी ऐकलं. आभाळ स्वच्छ राहिलं, आणि ज्यांनी नाय ऐकलं ते पापलेट भरून आले. मग काय, नाक्यावर बसले की कोणीतरी विचारणार, काय रडारवाले, काच फुटली काय. यांनी हसून घेतलं, पण त्या दिवसापासून तोंड बंद. कोणी विचारलं की मला नाय माहीत.

दोन-तीन वर्षांनी थंडीत, बोंबील वाळायच्या ऐन दिवसांत, समुद्रात वादळ असल्याचा निरोप आला. मच्छीमार सोसायटीचा भोंगा ओरडत होता, बोटी काढू नका. हरेश आमच्या ओट्यावर येऊन बसला. भावोजी, भोंगा ओरडतोय, तुमी काय म्हणता? हे म्हणाले, मला नाय माहीत, सोसायटी सांगते ते कर. मी आतून ऐकत होते. आणि हा शहाणा बाहेर जाऊन खलाशांना काय सांगतो, तर भावोजींनी नको म्हटलं नाय. गेला.

दुपारनंतर समुद्र उठला, पाऊस पण आला. गावचे सगळे बोंबील भिजून वास मारायला लागले, त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. हरेशची बायको मंदा आमच्या घरात भिंतीला टेकून बसलेली, नुसती यांच्याकडे बघायची. हे पावसात किनाऱ्यावर जाऊन उभे, मी छत्री घेऊन गेले तर ती पण धरेनात. दुसऱ्या दिवशी फोन आला. इंजिन बंद पडलेलं, जाळी कापून टाकली, बोट वाहत वाहत गुजरातच्या एका खाडीत लागलेली, माणसं सगळी जिवंत.

हरेश आला तो घरी नाय गेला, सरळ आमच्या दारात. तुमाला कळत होतं, भावोजी, मग हात धरून थांबवलं का नाय? मीच पुढं झाले. म्हटलं, सांगितलं की टोमणे मारता, नाय सांगितलं की भांडायला येता, आणि तो भोंगा काय लग्नाची गाणी लावत होता? तर माझ्याशीच बोलणं बंद केलं त्यानं. दोघांच्या मधे भरडले मी. दिवाळीला ओवाळायला पण नाय बोलावलं.

वर्षभरानं त्याच्या बोटीचा वायरलेस बिघडला. मंदानं मला सांगितलं, मी यांना सांगितलं, हे पेटी घेऊन गेले. दिवसभर दोघं बोटीत, हे वायरी जोडतात, तो पकड हातात देतो, आणि बोलणं काय, तर ही दे, ती दे. चहा मीच नेला. वायरलेस खरखरला, मग बोलायला लागला, तेव्हा हरेश म्हणाला, ताई, अजून चहा हाय काय. झालं, एवढ्यावर मिटलं. माझी माफी कोण मागणार?

मग मी यांना विचारलं, त्या दिवशी हात का नाय धरला त्याचा? तर म्हणाले, अगं, माझा जन्म त्या काचेपुढं गेला. त्यावर पाऊस दिसायचा, बोट नाय दिसायची. समोर माणूस बसलेला असताना कसं सांगायचं, ते मला कोणी शिकवलं नाय.

आता दारात कोणी आलं की मीच सांगते, भोंगा ऐका, मोबाईलवर निरोप येतो तो वाचा, आणि घरी जा. तरी येतात. हरेश आज पहाटेच गेलाय बोट घेऊन. समुद्रानं सगळ्यांना सुखरूप परत आणावं. त्याला यांच्याशी भांडायचं असेल तर भांडू दे, पण येऊ दे.